ब्रायटनची वाळू

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, ही गोष्ट मला १९९६ च्या डिसेंबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तेथे जाऊन पोचल्यावर कळली. किनारा सबंध गोट्यांचा आहे. तपकिरी, करडे, क्वचित पांढरट असे मुठीएवढे आणि मुठीहून लहान गोटे मैलोगणती पसरलेले आहेत; त्यांच्यावरून चालताना पाय घसरतो आणि लाट मागे सरताना ते एकमेकांवर घासून एक खरखरीत आवाज करतात. ज्याने तो किनारा पाहिला आहे त्याला यात सांगण्यासारखे काहीच वाटणार नाही. मला मात्र फसवणूक झाल्यासारखे वाटले, कारण मी तेथे वाळू आणायला गेलो होतो.

त्याचे असे झाले. मी त्या वेळी संशोधनानिमित्त दोन वर्षे लंडनला होतो. वडील नागपूरला, सीताबर्डीवरच्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरात. त्यांची पत्रे एरोग्रामवर येत. तिन्ही घड्या भरल्यावर उरलेल्या समासात उभ्या-आडव्या ओळींत मजकूर चालू राहत असे. त्या नोव्हेंबरातल्या पत्राच्या अशाच एका समासात त्यांनी लिहिले होते, 'ब्रायटन तुझ्यापासून जवळ आहे असे नकाशावरून दिसते. सावरकरांनी जेथे ती कविता म्हटली तेथली चिमूटभर वाळू आण.' ती कविता कोणती हे त्यांनी लिहिले नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. 'सागरास' ही कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून मराठी घरांत इतकी मुरलेली आहे की तिचे नाव घ्यावे लागत नाही. आमच्या घरी ती रेडिओवर लागली की वडील हातातले काम खाली ठेवत. ते कोणत्याही पक्षाचे नव्हते, कोणत्याही शाखेत गेले नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे तोवर त्यांनी समुद्र दोनदाच पाहिला होता.

नागपूरच्या माणसाचे समुद्राशी नाते काय, हा प्रश्न तसा विनोदी आहे. ज्या गावात ब्रिटिशांनी शून्य मैलाचा दगड रोवला, त्या गावापासून समुद्र कोणत्याही दिशेला सारखाच दूर असावा असे लहानपणी आम्हांला वाटे. आमचे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा आणि शुक्रवारी तलाव. फुटाळ्याच्या काठाला पुढे लोक चौपाटी म्हणू लागले, यात समुद्राविषयीची जी आस आहे तिची टिंगल करावीशी मला वाटत नाही. समुद्र आम्हांला आधी पाठ्यपुस्तकात भेटला, मग गाण्यात, मग सिनेमात, आणि सर्वांत शेवटी मुंबईत. प्रत्यक्षाआधी प्रतिमा, असा हा उलटा क्रम. त्यामुळे पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी त्याला ओळखले, पाहिले नाही. मराठी समीक्षेत अनुभवाच्या अस्सलपणाविषयी जे पुष्कळ लिहिले गेले आहे ते वाचताना मला नेहमी ही आठवण होते. अस्सल अनुभव आधी आणि शब्द नंतर, हा क्रम किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी ठीक असेल.

खुद्द कवीही किनाऱ्यावरचा नव्हता. भगूर हे नाशिकजवळचे गाव, देशावरचे. १९०६ च्या जूनमध्ये तो मुंबईहून जहाजात बसला. तोपर्यंत समुद्राशी त्याची ओळख किती होती कोण जाणे. पुढे मात्र समुद्राने त्याला सोडले नाही. मार्सेय, अंदमान, रत्नागिरी ही सगळी पाण्याकाठची ठिकाणे, आणि तिन्ही त्याच्या चरित्रात बंदिवासाचीच किंवा त्यातून सुटू पाहण्याची.

आम्ही चौघे होतो. एक महालातला, इंजिनियर, माझा शाळूसोबती. एक इंदोऱ्याचा, डॉक्टर, लंडनच्या एका इस्पितळात पुढचे शिक्षण घेत असलेला. त्याची-माझी ओळख लंडनलाच झाली. वास्तविक नागपुरात महाल आणि इंदोरा यांच्यामध्ये सायकलच्या एका फेरीचे अंतर आहे. ते अंतर ओलांडून भेटायला आम्हांला हजारो मैल जावे लागले, याचे त्या वेळी आम्हां कोणालाच नवल वाटत नव्हते. आणि एक मालवणची मैत्रीण, अर्थशास्त्राची अभ्यासक. शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परत, असा बेत मीच आखला. कवितेची परंपरेने सांगितली जाणारी तारीख १० डिसेंबर १९०९. १९९६ साली १० डिसेंबर मंगळवारी येत होता, म्हणून त्याच्या आधीचा शनिवार मी निवडला. तो दिवस ७ डिसेंबरचा होता. ही तारीख लक्षात ठेवावी.

व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटनची गाडी सुटते, तासाभरात पोचवते. याच स्टेशनवर १३ मार्च १९१० रोजी, पॅरिसहून परतताना, सावरकरांना अटक झाली. फलाटावर उभे राहून महालातल्या मित्राने हे सांगितले, तेव्हा मालवणची मैत्रीण म्हणाली, 'तुम्ही नागपूरचे लोक कुठेही गेलात तरी आधी इतिहासाचं तिकीट काढता.' गाडीत तिने पोळ्यांचे रोल काढले, महालातल्याने आईने पाठवलेल्या सांडग्यांची पुडी काढली, आणि इंदोऱ्याच्या मित्राने खिडकीजवळची जागा पकडून डोळे मिटले. रात्रपाळी करून आलो आहे, असे त्याने सांगितले होते. मी ते खरे धरले.

स्टेशनबाहेर पडल्यावर समोरचा रस्ता सरळ उतरत समुद्राकडे जातो आणि टोकाला एक करडी पट्टी दिसते. ती जवळ येत गेली तसतसा आमचा वेग वाढला. मग कठडा, त्याखाली तो गोट्यांचा उतार, आणि उजवीकडे पाण्यात उभा असलेला वेस्ट पिअर हा जुना धक्का. तो १८६६ मध्ये बांधलेला. १९७५ मध्ये धोकादायक म्हणून बंद केलेला. आम्ही पाहिला तेव्हा तो अजून अंगाने पुरा होता, फक्त ओसाड. २००३ च्या आगींनंतर त्याचा लोखंडी सांगाडाच उरला. सावरकर तेथे बसले असतील तर हा धक्का त्यांच्याही नजरेत आला असणार, तेव्हा माणसांनी भरलेला. कवितेत तो नाही. कवितेत गोटे नाहीत, डिसेंबरातली थंडी नाही, ब्रायटनही नाही. लाटांचा फेस तेवढा आहे, आणि तोही निर्दय हसण्याचे रूप घेऊन आला आहे.

येथे थोडे थांबून कवितेकडे पाहिले पाहिजे. कारण किनाऱ्यावर उभे राहिल्यावर माझ्या प्रथम लक्षात आले ते हे की, जी कविता आपल्याला केवळ व्याकुळतेची वाटते ती रचनेने एक फिर्याद आहे. समुद्राने प्रवासाचे आमिष दाखवले. आईच्या मनात विरहाची शंका आली. तेव्हा समुद्राने, वाट माझ्या ओळखीची आहे, मी स्वतः पाठीवरून नेईन आणि लवकर परत आणीन, असे वचन तिला दिले. त्या वचनावर विसंबून मुलगा निघाला. आता वचन पाळले जात नाही. वचनभंगामागचा हेतूही फिर्यादी सांगतो: आंग्लभूमीचे भय. आणि शेवटी वरच्या न्यायासनाकडे, म्हणजे एका आचमनात समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्तीकडे, जाण्याची धमकी. प्रस्ताव, हमी, विसंबणे, भंग, हेतू, अपील. ही मांडणी ग्रेज् इनमध्ये कायदा शिकलेल्या माणसाची आहे, आणि ज्या वर्षी कायद्याच्या परीक्षा देऊनही त्याला बॅरिस्टरीची सनद मिळाली नाही त्याच वर्षाची आहे. १९०९ हे वर्षच तसे होते. जूनमध्ये थोरल्या भावाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा, १ जुलैला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीचा केलेला वध, १७ ऑगस्टला धिंग्रांना फाशी. मायदेशी परतण्याच्या वाटा एकेक करून बंद होत होत्या. चाल लावल्यावर आपण यातले दुःख तेवढे ऐकतो, युक्तिवाद ऐकत नाही. संगीताने कवितेचे भले केले यात शंका नाही; पण तिच्यातला संतप्त पक्षकार त्यात थोडा मवाळ झाला, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या वाचकाला विशेष सुचावी अशी. निर्वासिताने निसर्गातल्या एका अचेतन वस्तूला हाक मारावी, ही आपल्याकडची जुनी रीत. तिचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून आपण ज्या काव्याकडे बोट दाखवतो त्याचा उगम आमच्या रामटेकला आहे, असे वा. वि. मिराशींनी साधार मांडले आणि आम्ही नागपूरकरांनी ते, इतर विद्वानांचे काहीही मत असो, आनंदाने स्वीकारले. मेघदूतातला यक्ष ढगाशी गोड बोलतो, त्याला वाटेतली सुखे सांगतो, अजिजी करतो. शिवाय धूर, तेज, पाणी आणि वारा यांचे हे गाठोडे निरोप कसा नेणार, ही शंका कालिदास स्वतःच आरंभी उपस्थित करतो आणि कामार्ताला असा विवेक राहत नाही असे उत्तर देऊन मोकळा होतो. 'सागरास' मध्ये ती शंका नाही. तेथे समुद्र हा दूतही नाही. तो करारातला दुसरा पक्ष आहे. याचना आणि जाब यांच्यातले हे अंतर म्हणजे दोन निर्वासनांतले अंतर आहे. यक्षाची शिक्षा वर्षाची होती आणि तिचा शेवट ठरलेला होता.

आणि अगस्ती? वनपर्वातल्या कथेप्रमाणे त्याची पत्नी लोपामुद्रा ही विदर्भराजाची कन्या. म्हणजे समुद्र पिणारा ऋषी हा आमचा जावई. (त्याच कथेत पुढे देवांनी पाणी परत मागितले तेव्हा ते पचून गेले असे त्याने सांगितले, जावयाला शोभेसे उत्तर.) हे सगळे मी त्या दिवशी गोट्यांवर बसून मित्रांना सांगितले. महालातला हसला. मालवणची मैत्रीण म्हणाली, 'आमच्याकडे समुद्राशी असं कोणी बोलत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा आणि गेलेली माणसं परत दे म्हणायचं. भांडायचं कसं? उद्या परत त्याच्याकडेच जायचंय.' तिचे आजोबा बोटीवर खलाशी होते. समुद्राने वचन मोडले तर अपील कोणाकडे करायचे, हा प्रश्न त्या घरात उद्भवत नसावा.

दुपारी साडेतीनलाच उजेड उतरू लागला. साळुंकीच्या कुळातल्या काळपट पक्ष्यांचे प्रचंड थवे धक्क्यावर घिरट्या घालू लागले. हजारो पक्षी एका कापडासारखे वळत, विरळ होत, पुन्हा दाट होत. हिवाळ्यात तेथे ते रोज होते. आम्ही मान वर करून पाहत होतो. तेव्हा महालातल्या मित्राने गाणे सुरू केले. तसे ठरलेच होते. मी त्याच्या मागोमाग, आणि मालवणची मैत्रीणही. तिच्या शाळेत ते समूहगीत म्हणून बसवलेले होते. वारा इतका होता की आमचे आवाज आम्हांलाच तुटक ऐकू येत होते. दुसऱ्या कडव्यात मी अडखळलो. तिसऱ्यात तिघेही तीन ठिकाणी होतो. तरीही माझा गळा दाटून आला हे मी नाकारत नाही. ते दाटून येणे माझे होते की रेडिओवर गाणे लागल्यावर हातातले काम खाली ठेवणाऱ्या वडिलांचे, हे मात्र मला तेव्हाही सांगता आले नसते. मला घरी जाण्यापासून कोणी अडवले नव्हते. परतीचे तिकीट माझ्या टेबलाच्या खणात होते.

इंदोऱ्याचा मित्र आमच्यात नव्हता. तो पाण्याच्या कडेशी, आमच्याकडे पाठ करून, खिशात हात घालून उभा होता. गाणे संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो आणि जो प्रश्न विचारू नये तो विचारला.

'तू का नाही आला बे?'

तो म्हणाला, 'आज सात तारीख आहे ना.'

'मग?'

'छप्पन साली आजच्या दिवशी बाबासाहेबांना दादरला अग्नी दिला. असाच समुद्राच्या काठाले.'

मी नागपूरचा. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा ज्या गावात झाली त्या गावचा. सहा डिसेंबर मला माहीत नव्हता असे नाही; तो मला कसा माहीत होता, हे सांगायला हवे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या आठवड्यात मुंबईचे रिझर्वेशन करायचे नाही, असा आमच्या घरात आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत न बोललेला नियम होता. माझ्या लेखी सहा डिसेंबर ही गर्दीची तारीख होती. सात डिसेंबर ही तर कसलीच तारीख नव्हती. १० तारखेच्या आधीचा सोयीचा शनिवार होता. बेत ठरवताना मी ती चौघांसमोर मोठ्याने उच्चारली होती आणि तो 'चालेल' म्हणाला होता.

मग त्याने त्याचा समुद्र सांगितला. तो सात-आठ वर्षांचा असेल, म्हणजे १९७३-७४ ची गोष्ट. आई-वडिलांबरोबर नागपूरहून मुंबईला, रात्रभर डब्याच्या दाराशी बसून. दादरला रांगेत किती तास गेले ते आठवत नाही, चैत्यभूमीच्या आत काय पाहिले तेही नीट आठवत नाही. आठवते ते बाहेर आल्यावर मागच्या वाळूत आईने त्याला नेले ते. आईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. तिने ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारले, थोडे जिभेला लावले आणि म्हणाली, 'खारट आहे रे बाबू.' एवढेच. मग ती वाळूत बसून रडली. इतकी माणसे आजूबाजूला रडत होती की आपली आई वेगळे काही करते आहे असे त्याला वाटले नाही.

हे ऐकत असताना माझ्या डोक्यात, लाज वाटावी असे, अगस्तीचे आचमन आले. साहित्याच्या अभ्यासाची ही एक खोड आहे. समोरचा माणूस बोलत असतो आणि आपण त्याला संदर्भ जोडत असतो. मी काही बोललो नाही, हे त्यातल्या त्यात बरे केले.

एव्हाना महालातला मित्र जवळ आला होता. त्याने प्रामाणिकपणे, काहीसे घाईने, रत्नागिरीचे काम काढले: स्थानबद्धतेतली सहभोजने, १९३१ चे पतितपावन मंदिर. इंदोऱ्याचा मित्र म्हणाला, 'माहीत आहे मला. मी त्यांच्याबद्दल बोलूनच नाही राहिलो. गाणं चांगलं आहे. माझ्या तोंडात नाही बसत, एवढंच.' थोड्या वेळाने त्याने आणखी एक वाक्य जोडले, आणि मला जे आठवते ते जसेच्या तसे असेच आहे: 'तुमच्या माणसाशी समुद्रानं करार केला होता. आमच्याशी विहिरीनंही नव्हता केला. आम्हाले पाण्याशी बोलायचं नव्हतं रे, पाण्याले हात लावायचा होता.'

महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे झाले त्याविषयी मी तोवर पुष्कळ वाचले होते, दलित साहित्यावरच्या चर्चासत्रांत बोललोही होतो. पण संबोधन हा अलंकार, म्हणजे निसर्गातल्या वस्तूला 'तू' म्हणण्याची कवीची मुभा, हिलाही एक सामाजिक पूर्वअट आहे, असे मला कोणत्याही चर्चासत्रात सुचले नव्हते. ज्याला पाणी आधीपासून आपले आहे तोच त्याच्यावर रागावू शकतो. त्याच १९९६ साली शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' प्रसिद्ध झाले आणि आपल्याकडे आस्वादाच्या निकषांविषयी पुन्हा एकदा वाद झडले. साधारणीकरणाची जुनी उपपत्ती सांगते की रसिक आपले व्यक्तिगत तपशील मागे ठेवून काव्यातल्या भावाशी एकरूप होतो. ते तपशील मागे ठेवणे कोणाला किती स्वस्त पडते, याचा हिशेब भट्टनायकाने केलेला नाही. मला ते फुकट पडत होते. त्याला त्या दिवसापुरती आईची ओंजळ मागे ठेवावी लागली असती.

मी यातून कवितेविरुद्ध निकाल देत नाही. तसा निकाल त्यानेही दिला नव्हता. कवितेला ऐकणारा कोण, एवढाच प्रश्न त्या संध्याकाळपासून माझ्याबरोबर राहिला, आणि त्याचा एक दुवा बऱ्याच वर्षांनी हाती आला. ब्रायटनचा प्रसंग आपल्याला कळतो तो कवितेतून नव्हे, तर त्या दिवशी कवीशेजारी बसलेल्या मित्राने पुढे सांगितलेल्या आठवणीतून. तो मित्र म्हणजे निरंजन पाल, बिपिनचंद्र पालांचा मुलगा. मराठी चरित्रग्रंथांत त्याचे काम एवढेच: शेजारी बसणे, डोळ्यांतले पाणी पाहणे आणि साक्ष देणे. कविता मराठी, तो बंगाली. शब्द त्याला कितपत कळले असतील? त्याने बहुधा सूर आणि चेहराच ऐकला. पण या श्रोत्याचे पुढचे आयुष्य आपण पाहत नाही. तो चित्रपटलेखक झाला. १९२५ साली आलेल्या, बुद्धाच्या जीवनावरच्या 'द लाइट ऑफ एशिया' या मूकपटाचे लेखन त्याचे; आणि बॉम्बे टॉकीजच्या १९३६ सालच्या 'अछूत कन्या'ची कथाही त्याचीच. ब्राह्मण मुलगा आणि अस्पृश्य मुलगी यांच्या प्रेमाची ती गोष्ट, आजच्या दृष्टीने भाबडी आणि नायिकेच्या बलिदानावर भागवून नेणारी. तरी त्या काळी ती पडद्यावर आली. ब्रायटनला शेजारी बसलेल्या माणसाने तेथून हे नेले, असा कार्यकारणभाव मी जोडणार नाही. त्याला पुरावा नाही. पण हे समजल्यावर मी पहिले पत्र लिहिले ते इंदोऱ्याच्या मित्राला. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: 'म्हणजे न गाणारा एक जण तेव्हाही होता.'

रविवारी सकाळी आम्ही रॉयल पॅव्हिलियन पाहिला. चौथ्या जॉर्जसाठी जॉन नॅशने उभारलेले हे घुमट आणि मिनार म्हणजे हिंदुस्थान न पाहिलेल्या माणसांनी कल्पिलेला हिंदुस्थान; समुद्र न पाहिलेल्या नागपूरकराने त्यांना हसू नये. डिसेंबर १९१४ पासून सुमारे वर्षभर, कवितेनंतर अवघ्या पाच वर्षांनी, येथे पश्चिम आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. झुंबरांखाली खाटा मांडल्या होत्या. धर्म आणि जात सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे होती, आणि हिंदू व मुसलमानांसाठी पाण्याच्या तोट्या वेगळ्या होत्या. मालवणची मैत्रीण तोट्यांचा मजकूर वाचून म्हणाली, 'पाणी इथेही आलं.' कोणी काही बोलले नाही. यांत महार शिपाई असतील का, असे महालातल्याने विचारले. त्यावर इंदोऱ्याचा मित्र म्हणाला की नसणार. महारांची भरती इंग्रजांनी आधीच बंद केली होती, १९१७ ला पलटण उभी राहिली तेव्हा हे इस्पितळ संपले होते. त्याचे पणजोबा त्या बंदीमुळे शेतमजूर झाले, हे त्याने परतीच्या गाडीत सांगितले.

त्या गाडीत मी सावरकरांच्या परतीचा विचार करत होतो. परत ने, हे मागणे समुद्राने सात महिन्यांनी मान्य केले: १ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोट त्यांना घेऊन निघाली आणि मार्सेयच्या उडीनंतरही ते २२ जुलैला मुंबईला पोचले, बेड्यांसकट. बाबासाहेब १९१७ साली परतले तेव्हा ते स्वतः सुखरूप पोचले, पण त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन निघालेली बोट पाणतीर लागून बुडाली. या दोन परती एका वाक्यात ठेवाव्यात असे मला वाटत होते. कशा ठेवाव्यात ते सुचले नाही, आजही सुचलेले नाही.

वाळूचे राहिले. शनिवारी काळोख पडण्याआधी मी एक लहानसा गोटा उचलून खिशात टाकला होता. तेथले गोटे नेण्यास मनाई आहे हे मला पुढे कळले. या कबुलीला आता मुदतीचा अडसर असावा. १९९७ च्या उन्हाळ्यात नागपूरला परतलो तेव्हा तो वडिलांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून पाहिला. 'ही वाळू नव्हे,' ते म्हणाले. तेथे वाळू नसते, हे मी समजावून सांगितले. त्यांचा विश्वास बसला नसावा. मी भलत्याच ठिकाणी गेलो असा संशय त्यांना शेवटपर्यंत होता. तरी गोटा त्यांनी रेडिओवर ठेवला, आणि उन्हाळ्यात पंखा लागला की तो वर्तमानपत्रावर येई.

दोन वर्षांनी इंदोऱ्याचा मित्र परत आला आणि एका संध्याकाळी घरी आला. सीताबर्डीवरच्या त्या घरात तो पहिल्यांदाच येत होता. वडिलांनी त्याला आतल्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवले, इस्पितळाची चौकशी केली, आपल्या गुडघ्याची तक्रार सांगितली. चहा झाल्यावर उठून त्यांनी रेडिओवरचा गोटा आणला आणि त्याच्या हातात दिला.

'तुम्हीही होतात ना याच्याबरोबर तिथं?'

त्याने तो तळहातावर फिरवून पाहिला.

'हो काका. थंडी फार होती.'

'आणि वाळू?'

'वाळू नाही काका तिथं,' तो म्हणाला. 'खरंच नाही. वाळू दादरला आहे.'

वडिलांनी मान हलवली, गोटा परत घेतला आणि रेडिओवर ठेवला. मग त्याला विचारले, 'दादरला जाता का तुम्ही दर वर्षी?'

'आईला घेऊन जातो.'

'कोणत्या गाडीनं?' वडिलांनी विचारले, आणि मग दोघे बराच वेळ विदर्भ एक्सप्रेसच्या वेळापत्रकाविषयी बोलत बसले.